"टीव्ही गेला" म्हणजे नक्की काय गेलं? आत्तीच्या डिशच्या दुरुस्तीची वही

आत्तीचा फोन बहुतेक संध्याकाळी सातच्या सुमारास येतो, कारण तिची मालिका सातला लागते. "आरं बाळा, टीव्ही गेला बघ परत." एवढंच बोलते आणि गप्प बसते. मी बेळगावात, शहापूरला. ती जांबोटीच्या पुढं, कणकुंबीच्या वाटेवरच्या एका वाडीत. वय शहात्तर. गुडघे धरलेत, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, आतोबा गेल्यापासून घरात एकटी. मुलगा पुण्यात नोकरीला. जून ते सप्टेंबर ती जवळजवळ घराबाहेर पडतच नाही, आणि तिकडचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना ते चार महिने कसे असतात हे सांगायला नको. मलप्रभा नदी तिथंच उगम पावते, पाणी तिथं कमी नाही. त्या चार महिन्यांत तिच्या घरात दुसऱ्या माणसाचा आवाज ऐकू येतो तो टीव्हीतूनच. म्हणून मला हा विषय किरकोळ वाटत नाही.

पहिली दोन वर्षं मी चुकीच्या बाजूनं दुरुस्ती करत होतो. फोनवर सांगायचो, "वरचं लाल बटण दाब, आता सोर्सचं दाब, आता खाली ये." तिच्या हातून प्रत्येक सूचनेबरोबर आणखी एखादं बटण दाबलं जायचं आणि गुंता वाढायचा. मग रविवारी गाडी काढून जायचो, दोन मिनिटांत चित्र यायचं, जेवून परत यायचो, पंधरा दिवसांनी पुन्हा तोच फोन. शेवटी एक वही केली. तारीख, लाईट होती का, पाऊस होता का, पडद्यावर काय होतं आणि शेवटी काय निघालं, एवढंच लिहीत गेलो. वर्षभराची पानं एकत्र बघितली तेव्हा कळलं की "टीव्ही गेला" या एका वाक्याच्या पोटात पाच निरनिराळे बिघाड होते, आणि निम्म्याहून अधिक वेळा डिशचा काही संबंधच नव्हता.

ज्यांची आई, मावशी, आज्जी खानापूर, निपाणी, चिक्कोडी भागात गावाकडं एकटी असते, त्यांच्यासाठी त्या वहीतलं लिहितोय.

टिकलीचं बटण

"पडद्यावर काय दिसतंय?" असं विचारलं की उत्तर येतं, "काईच नाही." आत्तीला मराठी उत्तम वाचता येतं, रोज हरिपाठ वाचते. पण टीव्हीवरची सूचना इंग्रजीत असते आणि तिच्याकडे बटणांचा साधा फोन आहे, फोटो पाठवणार कसा? त्यामुळं मला अशी एक चाचणी हवी होती जिचं उत्तर फक्त हो किंवा नाही असेल.

ती अशी. सेट टॉप बॉक्सच्या रिमोटवर मेनूचं बटण असतं. त्यावर नातीच्या पाकिटातली मखमली लाल टिकली चिकटवली. बोटाला लागते, अंधारातही सापडते. आता मी फोनवर एकच विचारतो: "टिकलीचं बटण दाब. पडद्यावर यादी आली का?"

यादी आली, तर बॉक्स चालू आहे, बॉक्सपासून टीव्हीपर्यंतची वायर ठीक आहे आणि टीव्ही योग्य इनपुटवर, म्हणजे बॉक्सची वायर ज्या खाचेत आहे त्याच खाचेवर, लावलेला आहे. म्हणजे बिघाड डिशकडे नाहीतर रिचार्जकडे. यादी नाही आली, तर बिघाड घरातच, हाताच्या अंतरावर आहे. मग छपराकडे बघायचंसुद्धा नाही.

हे एवढं महत्त्वाचं का, तर "नो सिग्नल" ही सूचना दोन ठिकाणांहून येते आणि दोन्हींचा अर्थ पूर्ण वेगळा असतो. एक टीव्ही स्वतः दाखवतो: निळा किंवा काळा पडदा, त्यावर एक छोटी चौकट इकडून तिकडं फिरते. टीव्हीला बॉक्सकडून चित्र मिळत नाही, असं तो सांगत असतो. दुसरी बॉक्स दाखवतो: खाली वाहिनीचं नाव किंवा नंबर दिसतो, कंपनीचा रंग असतो, मध्ये सूचना. बॉक्सला डिशकडून काही येत नाही, असा त्याचा अर्थ. एकदा मी नव्हतो तेव्हा आत्तीनं गावातून एका मेकॅनिकला बोलावलं. त्यानं "नो सिग्नल" वाचलं आणि थेट छपरावर चढून नीट बसलेली डिश हलवली. टीव्ही दुसऱ्या एचडीएमआयवर, म्हणजे बॉक्सची वायर नसलेल्या खाचेवर, गेला होता, एवढंच होतं. येण्याजाण्याचे पैसे गेले ते गेले, वर खरा बिघाड त्या दिवशी तयार झाला.

यादी येत नसेल तेव्हा मी पुढचं क्रमानं विचारतो. बॉक्सवर बारीक दिवा दिसतो का? दिवाच नसेल तर प्लग किंवा अडॉप्टर. दिवा लाल असेल तर बहुतेक वेळा बॉक्स झोपलेला, म्हणजे स्टँडबायवर, असतो, बॉक्सच्या रिमोटचं चालू-बंदचं बटण एकदाच दाबायचं. दिवा हिरवा किंवा निळा आणि तरी यादी नाही, म्हणजे टीव्ही चुकीच्या इनपुटवर आहे किंवा एचडीएमआयची पिन सैल झालीय. झाडताना, पुसताना ती सैल होते. तिच्याकडे दर दिवाळीला झाली.

लाईट जाऊन आल्यावर बॉक्सला सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात. या दोन-तीन मिनिटांतच जुनी माणसं घाबरून सगळी बटणं दाबून बघतात आणि तिथून पुढचा गोंधळ होतो. मी आत्तीला मिनिटं सांगितली नाहीत. सांगितलं, "लाईट आली की चहाचं आधण ठेव. पाण्याला उकळी आली की मग रिमोट हातात घे." हे तिनं एकदाच ऐकलं आणि पाळलं.

दुपारचा बिघाड मला बरेच महिने कळत नव्हता. वहीत दिसलं की दुपारी तीन-चारला टीव्ही जातो आणि तेव्हा कायम पडदा काळा असतो. कारणं दोन निघाली. एक, बऱ्याच बॉक्समध्ये काही तास एकही बटण दाबलं नाही तर तो आपोआप झोपतो. आत्ती जेवून टीव्ही लावते, तिला डुलकी लागते, उठते तोवर बॉक्सही झोपलेला. सेटिंगमध्ये ऑटो स्टँडबाय किंवा पॉवर सेव्हिंग अशा नावाखाली हे बंद करता येतं. दुसरं कारण बॉक्सवरच पडलं होतं: क्रोशाचा रुमाल. तिनं स्वतः विणलेला, पांढरा, कडेला मोरपंखी नक्षी. हवा जाण्याच्या सगळ्या फटी त्यानं झाकल्या होत्या आणि मे महिन्यात बॉक्सला हात लावला तर चटका बसावा इतका तो तापला होता. रुमाल काढून टाक म्हणायला मन होईना. बॉक्सखाली दोन फरशीचे तुकडे ठेवले आणि रुमाल टीव्हीच्या फळीवर समोरच्या बाजूला लोंबता लावला. तेव्हापासून बॉक्स अडकलेला नाही.

दोन रिमोट म्हणजे दुप्पट वाटा

टीव्हीचा रिमोट आणि बॉक्सचा रिमोट शेजारी ठेवलेत तोवर फोन येणारच. टीव्हीच्या रिमोटवर सोर्स किंवा इनपुटचं बटण असतं, ते चुकून दाबलं जातं. स्मार्ट टीव्ही असेल तर आणखी पाच-सहा ॲपची रंगीत बटणं. माझं मत असं की वयस्कर माणसाला शिकवून हे सुटत नाही. चुकायच्या वाटा बंद केल्या की सुटतं.

मी काय केलं ते सांगतो. बऱ्याच डीटीएच रिमोटना टीव्हीच्या रिमोटकडून शिकता येतं: दोन्ही रिमोट तोंडाला तोंड लावून ठेवायचे, ठरलेली बटणं दाबायची, आणि टीव्हीचं चालू-बंद व आवाज बॉक्सच्या रिमोटवर येतात. पद्धत प्रत्येक कंपनीची वेगळी, बॉक्सबरोबर आलेल्या पत्रकात असते. ते झालं की टीव्हीचा रिमोट सेल काढून ट्रंकेत. टीव्ही आणि बॉक्स दोन्ही एचडीएमआय-सीईसी जाणणारे असतील तर तेही चालू करावं. सॅमसंगमध्ये त्याचं नाव एनीनेट प्लस, एलजीमध्ये सिम्पलिंक, सोनीमध्ये ब्राव्हिया सिंक. मग एकाच्या बटणानं दुसराही जागा होतो. आत्तीच्या बॉक्सला ते जमत नव्हतं, म्हणून शिकवणीचा मार्ग धरला. स्मार्ट टीव्ही सुरू होताना ॲपच्या पानावर थांबत असेल तर शेवटच्या इनपुटवर सुरू होण्याची सोय बहुतेक सेटिंगमध्ये असते, ती शोधाच.

उरलेल्या रिमोटवरही चाळीस बटणं. चिकटपट्टी लावून बघितली, घामानं सुटली. मग सायकलच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा घेतला, बरोबर रिमोटवर मोज्यासारखा चढतो. ब्लेडनं त्याला खिडक्या पाडल्या: चालू-बंद, आवाज, नंबर आणि टिकली. बाकीची बटणं रबराखाली. पुढचं तोंड मोकळं ठेवायचं, नाहीतर रिमोटचा किरण बाहेर येत नाही. रबर असल्यानं रिमोट हातातून निसटत नाही, पडला तरी फुटत नाही. आत्तीला तो इतका आवडला की शेजारच्या आक्कांनाही एक करून द्यावा लागला.

वाहिन्या वर-खाली करत शोधण्यापेक्षा नंबर बरे. पुठ्ठ्यावर काळ्या मार्करनं सहा नंबर लिहिले, प्रत्येकी दोन बोटं उंच, समोर तिच्याच शब्दांत नाव: "सातची मालिका", "बातम्या", "सह्याद्री", "कीर्तन". वाहिनीचं खरं नाव लिहिलं असतं तर तिला उपयोग नव्हता. पुठ्ठा टीव्हीशेजारच्या खिळ्याला. नंबर कधीमधी बदलतात, तेव्हा पुठ्ठा नवा करायचा.

डिश, पाऊस आणि माकडं

यादी येते, पण चित्र नाही, सगळ्याच वाहिन्या गेल्यात, आणि बाहेर धो धो पाऊस आहे. यावर उपाय एकच: थांबायचं. डीटीएचचा सिग्नल केयू बँड नावाच्या लहरींच्या पट्ट्यात येतो, ११ गिगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे एका लहरीची लांबी तीन सेंटिमीटरहूनही कमी. असल्या लहरी पावसाच्या दाट थेंबांत शोषल्या जातात, विखुरतात. सर गेली की चित्र येतं. ढग गेले आणि तरी अर्ध्या तासात आलं नाही, तरच पुढं बघायचं.

कणकुंबीकडच्या पावसाला मात्र "थांबा" हे उत्तर पुरत नाही, कारण तिथं सर जायचं नाव घेत नाही. नेहमीची डिश ६० सेंटिमीटरची असते. ९० ची लावली तर क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं, तेवढा जास्त सिग्नल गोळा होतो, आणि मध्यम पावसात चित्र टिकतं. अगदी ढगफुटीसारख्या सरीत तीही हरते. मोठ्या डिशची नजर अरुंद असते, म्हणून ती लावताना जास्त नेमकी लावावी लागते. मी गेल्या वर्षी मे महिन्यात बदलली. त्या पावसाळ्यात वहीतली पावसाची पानं आधीच्या निम्मी भरली.

मोठ्या डिशपेक्षाही जास्त उपयोग एका साध्या बदलाचा झाला. डिश छपरावरून खाली आणली. उंच लावली की सिग्नल चांगला येतो असा समज सगळीकडे आहे. उपग्रह जमिनीपासून सुमारे ३६,००० किलोमीटरवर आहे, तिथं आपल्या दहा फुटांनी काय फरक पडणार? समोरचं आकाश मोकळं असलं की झालं. आत्तीचं घर कौलारू, पावसाळ्यात कौलांवर शेवाळ धरतं. त्यावर कोणी चढायचं? आता अंगणाच्या कोपऱ्यात काँक्रीटमध्ये लोखंडी पाईप रोवलाय, छातीच्या उंचीवर डिश. कुठलाही पोरगा स्टुलाशिवाय तिथं पोचतो. पाईपाला अर्थिंगची तार जोडून घेतलीय, वळवाच्या विजांसाठी. वीज कडाडायला लागली की टीव्ही आणि बॉक्स ज्या एका बोर्डवर आहेत त्याचा प्लग आत्ती भिंतीतून काढते.

माकडांचा त्रास आमच्या भागात सगळ्यांना आहे. छपरावर होती तेव्हा डिश म्हणजे त्यांचा झोपाळा. डिश दोन-तीन अंश सरकली तरी चित्र जातं. खाली, स्वयंपाकघराच्या दारासमोर आणल्यावर त्यांचं येणं कमी झालं. तरी खबरदारी म्हणून डिश नीट बसवून, बोल्ट आवळून झाल्यावर पाईप आणि पकड यांच्यावरून सलग एक पांढऱ्या ऑईलपेंटची रेघ ओढली. कोनाच्या पट्टीवरही तशीच. डिश हलली तर रेघ तुटलेली दिसते, आणि रेघ जुळवली की डिश जागेवर येते. मीटर नको, मेकॅनिक नको. हे एक काम तरी प्रत्येकानं करावं असं मला मनापासून वाटतं. दोन रुपयांचा रंग लागतो.

दिशेबद्दल थोडं. टीव्हीचे हे सगळे उपग्रह विषुववृत्ताच्या वर आहेत, म्हणून बेळगावातून ते दक्षिण आणि पूर्व यांच्या मधल्या भागात, आग्नेयेच्या आसपास येतात. दूरदर्शनच्या फ्री डिशचा जीसॅट-१५ हा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. आपल्याकडून तो आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ६१ अंश वर येतो. इतर कंपन्यांचे उपग्रह ८३ पासून १०८ अंशांपर्यंत पसरलेत. डिशकडे बघितलं तर मात्र ती इतकी वर बघतेय असं वाटत नाही. ही डिश ऑफसेट असते, तिची खरी नजर तिच्या तोंडापेक्षा वीस-पंचवीस अंश वर असते. त्यामुळं लोक समोरच्या भलत्याच झाडावर कुऱ्हाड चालवतात. ६१ अंशांच्या हिशेबानं डिशपासून पाच मीटरवरचं झाड डिशच्या पातळीपेक्षा नऊ मीटर उंच गेलं तरच आड येतं.

झाड खरंच आड येतंय का, हे बघायची एक खात्रीची पद्धत आहे आणि तिला पैसा लागत नाही. वर्षातून दोनदा सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागं येतो. आपल्या भागात मार्चच्या मध्यात आणि सप्टेंबरच्या अखेरीस, पाच-सहा दिवस, काही मिनिटं. त्या वेळी चित्र फुटतं, कारण सूर्याचा गोंगाट सिग्नलवर मात करतो. फ्री डिशसाठी ही वेळ अकराच्या आगेमागे येते, ८३ अंशांच्या उपग्रहासाठी बाराच्या जवळ, १०८ साठी दहाच्या सुमारास. बिघाड समजून काही करू नये, आपोआप जातं. पण त्याच मिनिटांना अंगणात जाऊन डिशवर ऊन पडलंय की सावली, ते बघावं. सूर्य आणि उपग्रह एकाच रेषेत असतात, म्हणजे ज्या फांदीची सावली त्या क्षणी डिशवर पडली तीच फांदी सिग्नल अडवते. दुसरी कुठलीही नाही.

आता वायर. माझ्या मते गावाकडच्या निम्म्या डिशी या एकाच जागी मरतात: एलएनबी, म्हणजे डिशसमोरच्या दांडीवरची सिग्नल पकडणारी डबी, तिच्या तोंडाशी जिथं वायर जोडलेली असते तिथं. आत्तीच्या जुन्या डिशला त्या जोडावर दुधाची रिकामी पिशवी गुंडाळून सुतळीनं बांधली होती. लावणाऱ्यानं चांगल्या मनानंच बांधली असणार. सुतळी कापली तर आतून चमचाभर पाणी सांडलं. पिशवीनं पाऊस अडवला नव्हता, साठवला होता. जोड फिरवून काढला. तांब्याची मधली तार, जी सुईसारखी चकचकीत हवी, ती हिरवी पडली होती. नखानं खरडली तर भुकटी निघाली. बाहेरची जाळी काळी, आणि वायरीच्या वेष्टनाच्या आत वीतभर ओल चढलेली.

असं दिसलं की हिरवा भाग संपेपर्यंत वायर कापायची, नवा एफ कनेक्टर (वायरीच्या टोकाचा पेचाचा जोड) बसवायचा, त्यावर रबरासारखा स्वतःतच चिकटणारा टेप ताणून गुंडाळायचा आणि वायरीला जोडाच्या खाली एक झोळ द्यायचा, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळत खाली जाऊन झोळातून टपकतं, जोडाकडे येत नाही. घरात शिरण्यापूर्वीही असाच एक झोळ हवा. जोड काढण्याआधी बॉक्सचा प्लग काढाच. याच वायरीतून बॉक्स एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट पुरवतो, जाळी आणि तार एकमेकांना लागली तर बॉक्स जायचा.

या १३ आणि १८ चा आणखी एक धागा आहे. काही वाहिन्या स्वच्छ दिसतात आणि काही अजिबात नाहीत, आकाश मोकळं, रिचार्ज भरलेला: असं असेल तर बहुतेक वेळा डिशची दिशा बरोबरच असते. वाहिन्या उभ्या आणि आडव्या अशा दोन ध्रुवणांत, म्हणजे लहरी हलण्याच्या दोन दिशांत, येतात, आणि एलएनबी कुठल्या ध्रुवणावर जायचं ते या व्होल्टेजवरून ओळखतं. वायर ओली झाली की १८ व्होल्ट वरपर्यंत पोचत नाही आणि एक अख्खा गट गायब होतो. डिशला हात लावू नका, वायर बघा.

बॉक्सच्या मेनूत सिग्नलची दोन मापं असतात, ताकद आणि दर्जा. स्वच्छ उन्हाच्या दिवशी दोन्ही आकडे लिहून ठेवा. आत्तीच्या वहीच्या पहिल्या पानावर ते आहेत. चांगल्या दिवसाचा आकडा माहीत नसेल तर बिघाडाच्या दिवशीच्या आकड्याचा अर्थ लागत नाही. ताकद तशीच आणि दर्जा शून्य म्हणजे डिश सरकली. दोन्ही शून्य म्हणजे वायर किंवा एलएनबी.

मराठी वाहिन्या जातात तेव्हा

हा बिघाड फक्त आपल्याच भागातला. पुण्या-मुंबईच्या मित्रांना सांगितला तर त्यांना आधी कळतच नाही.

पिनकोड ५९१ ने सुरू होतो, राज्य कर्नाटक, म्हणून कनेक्शन घेताना पॅक कन्नडचा दिला जातो. आत्तीला कन्नडबद्दल काही वाकडं नाही. खानापूरच्या बाजारात भाजी विकली आहे तिनं, भाव कन्नडमध्येच करायची. पण सातची मालिका, कीर्तन, आषाढीला पंढरपूर, हे तिचं मराठीतलं जग आहे. सुरुवातीला भांडून मराठी वाहिन्या चालू करून घेतल्या. मग एका महिन्यात पॅक बदलला गेला, आम्हाला न विचारता, आणि मराठी वाहिन्या एका रात्रीत गेल्या. आत्तीला वाटलं टीव्ही बिघडला. तीन दिवस ती बंद टीव्हीसमोर बसून होती, कारण मला सारखा त्रास कसा द्यायचा म्हणून तिनं फोनच केला नाही. तिनं हे नंतर सहज सांगितलं आणि मला फार लागलं.

फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नियमानुसार वाहिनी सुटी घेण्याचा हक्क ग्राहकाला आहे. तो राज्यावर अवलंबून नाही. फोनवर नेमकं असं सांगा: कर्नाटकचा पॅक काढा, अमुक नंबरच्या अमुक मराठी वाहिन्या सुट्या किंवा मराठी पॅकमधून द्या, आणि झालेल्या बदलाचा संदेश मोबाईलवर पाठवा. संदेश आल्याशिवाय फोन ठेवू नका. एकच वाहिनी साधी आणि एचडी अशी दोनदा लागली असेल तर एक काढा. बत्तीस इंची टीव्हीवर, मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना, त्या दुसऱ्या पैशाचा उपयोग नाही.

आमच्याकडे बरेच जण एक युक्ती करतात: चंदगडच्या पाहुण्यांचा पत्ता देऊन महाराष्ट्राचं कनेक्शन घेतात. करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. बिघाड झाला की माणूस चंदगडला पाठवला जातो, आणि खानापूर तालुक्यातल्या घरी कोणी येत नाही. पत्ता खराच ठेवा, मागणी मराठीची करा.

आणि ज्यांना मालिका नकोत, बातम्या आणि सह्याद्री पुरे, त्यांनी फ्री डिशचा विचार करावा. महिन्याचे पैसे नाहीत, रिचार्ज विसरायचा प्रश्न नाही. तिथल्या खासगी वाहिन्या लिलावातून येतात-जातात, म्हणून एखादी नाहीशी झाली की बॉक्सवर वाहिन्या नव्यानं शोधायला लावाव्या लागतात.

रिचार्ज

थोडक्यात. नोंदणीचा मोबाईल नंबर कुणाचा आहे ते आजच बघा. आत्तीचा दुकानदाराच्या नावावर होता, सगळे ओटीपी त्याला जायचे. तो माझ्या नंबरवर आणला, ग्राहक क्रमांक बॉक्सच्या पोटावर मार्करनं लिहिला. महिन्याऐवजी सहा महिन्यांचा भरतो. भरल्यावर बॉक्स चालूच ठेवायचा, कारण वाहिन्या उघडण्याची परवानगीही उपग्रहावरूनच येते. झोपलेल्या बॉक्सला ती मिळेलच असं नाही. आत्ती दिवाळीला पुण्याला जाऊन महिनाभरानं आली की म्हणूनच काही दिसत नाही. बॉक्स लावून ठेवायचा, कंपनीला रिफ्रेश पाठवायला सांगायचं, थोडा वेळ वाट बघायची.

मदतीचा नंबर इंटरनेटवर शोधू नका, तिथं भामट्यांचे नंबर असतात. बॉक्सच्या पडद्यावर किंवा बिलावर असतो तोच घ्या आणि घरच्या फोनमध्ये भरून ठेवा. टीव्ही दुरुस्तीसाठी कोणी ओटीपी मागितला, फोनवर काही उतरवून घ्या म्हटलं, तर फोन ठेवायचा हे आत्तीला मी तीनदा सांगितलंय. पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच कळवायचं.

गेल्या बुधवारी सातला फोन आला. "बाळा, टीव्ही गेला. टिकली दाबली, यादी आली. पाऊस न्हाई. रेघ जुळत्याय, मी बघून आलो अंगणात." बेळगावकडच्या बायका "आलो", "गेलो" असंच बोलतात, तीही. मी आकडे विचारले, तिनं मेनूतून वाचून दाखवले: ताकद नेहमीची, दर्जा बराच पडलेला. म्हणजे मधे काहीतरी आड येतंय. आग्नेयेच्या फणसाला यंदा जोराची पालवी फुटलीय. आत्ती फणस तोडू देणार नाही, तो आतोबांनी लावलेला, आणि मलाही तोडायचा नाही. कुठली एक फांदी ते मात्र कळायला हवं. सप्टेंबर अखेरीला दोन दिवसांची रजा टाकलीय, सकाळी डिशजवळ उभा राहून सावली बघणार आहे. तोवर सातची मालिका ती शेजारी आक्कांकडे बघते.